वाचक विचारतात : औषध शोधणाऱ्यांना सल्ला कोण देतं?

गेल्या अंकात मी औषध पेशीपर्यंत पोहोचून नेमकं करतं काय, यावर लिहिलं होतं. त्यात 'सायंटिफिक ॲडव्हायझर' हा शब्द ओझरता येऊन गेला आणि बहुतेक पत्रं त्याच शब्दाला धरून आली. मी एकतीस वर्षं मुंबईत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत फार्माकॉलॉजीचं, म्हणजे औषध शरीरात काय करतं ते तपासण्याचं काम केलं. निवृत्तीच्या आधी आणि नंतर मिळून तीन छोट्या कंपन्यांच्या सल्लागार मंडळांवरही बसले. आता हर्णैला राहते. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून काही उत्तरं लांबली आहेत. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

ताई, आम्हाला शिकवतात की रिसेप्टर म्हणजे कुलूप आणि औषध म्हणजे किल्ली. पण हे कुलूप कुणी प्रत्यक्ष पाहिलंय का, की नुसतं मानायचं? — बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, दापोली

पाहिलंय. रिसेप्टर म्हणजे पेशीवरची औषध बसण्याची जागा. पण ती दिसायला शंभर वर्षं लागली.

मला ते पहिल्यांदा जाणवलं ते बेडकाच्या पोटाच्या स्नायूत. आमच्या वेळी प्रयोगशाळेत गुळगुळीत कागद ड्रमवर गुंडाळून तो धुरावर धरायचा आणि काळाकुट्ट करायचा. बोट लागलं की डाग, मग परत पहिल्यापासून. स्नायूची बारीक पट्टी काचेच्या नळीत, क्षारांच्या पाण्यात टांगायची, खालून हवेचे बुडबुडे सोडायचे आणि वरचा दोरा एका तरफेला बांधायचा. तरफेचं टोक काजळीला जेमतेम टेकलेलं. मग पिपेटने ॲसिटिलकोलीनचे थेंब सोडायचे. नस स्नायूला 'आकस' असा निरोप देते तो याच रसायनाने. दीड मिनिटात स्नायू आकसतो आणि काळ्या कागदावर पांढरी रेघ चढत जाते. मात्रा दुप्पट केली की रेघ आणखी उंच. पुन्हा दुप्पट केली की आणखी थोडी. मग एक वेळ अशी येते की कितीही ओता, रेघ त्याच उंचीवर थांबते. मी विचारलं, थांबली का? सर म्हणाले, "जागा भरल्या." त्या दोन शब्दांनी मला या विषयात ओढलं. औषध स्नायूत नुसतं मुरत असतं तर रेघ चढतच राहिली असती. ती थांबते, याचा अर्थ त्याला बसायला मोजक्याच जागा आहेत.

इंग्लंडच्या जॉन लँग्लींनी १९०५ मध्ये हेच ताडलं होतं. स्नायूकडे येणारी नस कापून ती पार निकामी झाल्यावरही निकोटीनने स्नायू आकसायचा आणि क्युरारे हे स्नायू लुळे करणारं विष दिलं की आकसणं थांबायचं. म्हणजे औषध घेणारं काहीतरी नसेत नाही, स्नायूतच आहे. त्यांनी त्याला 'ग्रहण करणारा पदार्थ' म्हटलं. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेच्या रेमंड आल्क्विस्टनी ॲड्रेनलीनचे रिसेप्टर दोन प्रकारचे असावेत, अल्फा आणि बीटा, असं मांडलं. त्यांचा तो निबंध आधी एका नियतकालिकाने परत पाठवला होता. १९७० च्या सुमारासही रिसेप्टर खरोखर असतो की ती नुसती सोयीची कल्पना आहे, असा वाद चालायचा. रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांनी किरणोत्सर्गी खूण लावलेली रसायनं वापरून त्याचा माग काढला. त्यांच्याकडे शिकलेल्या ब्रायन कोबिल्कांनी २०११ मध्ये रिसेप्टर संदेश देतो आहे त्या क्षणाची रचना मिळवली, एकेक अणू कुठे आहे ते सांगणारी. दोघांना २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

ॲड्रेनलीनचे हे रिसेप्टर ज्या घराण्यातले, त्या घराण्याच्या रिसेप्टरांची प्रथिनाची साखळी पेशीच्या पडद्यातून सात वेळा आत-बाहेर जाते, आपण गोधडीला टाके घालतो तशी. माणसात असे सुमारे आठशे प्रकार आहेत आणि आज बाजारात असलेल्या औषधांपैकी साधारण एक तृतीयांश याच घराण्यावर काम करतात.

तुझ्या कुलपाबद्दल मात्र माझी एक तक्रार आहे. कुलूप लोखंडाचं असतं, गप्प बसलेलं. रिसेप्टर हर्णैच्या बंदरात नांगरलेल्या होडीसारखा असतो. जागा सोडत नाही, पण सतत हलतो, कधी या अंगावर तर कधी त्या. औषध येऊन त्यातली एक स्थिती धरून ठेवतं. काही औषधं त्याला 'चालू' बाजूला धरतात, काही अर्धवट, काही 'बंद' बाजूला. कुलूप-किल्लीत ही 'अर्धवट' कुठेच बसत नाही आणि औषधांची निम्मी गंमत तिथेच आहे.

तुला स्वतःच्या जिभेवर रिसेप्टर बघायचा असेल तर मिरची चाव. ती 'तिखट' ही चव नाहीच. उष्णता ओळखणाऱ्या रिसेप्टरला मिरचीतलं कॅप्सेसिन जाऊन धरतं आणि मेंदूला वाटतं की तोंड भाजलं. हा रिसेप्टर १९९७ मध्ये सापडला आणि तो शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. म्हणून पाणी पिऊन आग जात नाही आणि नारळाच्या दुधातली सोलकढी पिऊन जाते.

माझा नातू हैदराबादला एका नव्या औषध कंपनीत लागला. कंपनीच्या माहितीपत्रकात 'वैज्ञानिक सल्लागार मंडळ' म्हणून पाच जणांचे फोटो आहेत, सगळे मोठमोठे प्राध्यापक. हे लोक नक्की काय करतात? आणि कंपनीकडून पैसे घेणारा माणूस कंपनीला खरं कसं सांगेल? — निवृत्त बँक कर्मचारी, अलिबाग

दुसरा प्रश्न तुम्ही अगदी नेमका विचारलात. आधी पहिल्याचं सांगते.

कंपनी जितकी लहान, तितकी तिला बाहेरच्या डोक्यांची गरज मोठी. आत दहा-वीस तरुण रसायनशास्त्रज्ञ, एक कल्पना आणि दोन वर्षं पुरेल इतका पैसा. अशा वेळी चार-सहा अनुभवी माणसं बोलावतात. एक रिसेप्टरचा जाणकार, एक रेणू घडवण्यात मुरलेला रसायनतज्ज्ञ, एक विषारीपणा तपासणारा आणि एक रोज रुग्ण बघणारा डॉक्टर. मी होते त्या मंडळांच्या बैठका वर्षातून दोन-तीनदा होत. पंधरा दिवस आधी कागदांचा गठ्ठा घरी येई. बैठकीचं मानधन मिळे, काही ठिकाणी थोडे शेअरही देऊ करत. मतदानाचा अधिकार सल्लागाराला नसतो, तो संचालकांना. सल्लागाराच्या हातात फक्त त्याचा शब्द.

आणि त्या शब्दात सगळ्यात मोलाचा प्रश्न कोणता, तर 'आणखी कुठे?' हा रिसेप्टर शरीरात आणखी कुठे आहे? आणि हा रेणू आणखी कुठल्या रिसेप्टरला चिकटतो?

उदाहरण घ्या. ब्रिटनचे औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी विचार केला की दुखणाऱ्या हृदयाला जास्त प्राणवायू पुरवत बसण्यापेक्षा हृदयाची मागणीच कमी करू. आल्क्विस्ट यांच्या बीटा रिसेप्टरला अडवणारं रसायन त्यांनी शोधलं. पहिल्या रसायनाने उंदरांमध्ये गाठी झाल्या, ते बाजूला ठेवलं. त्यापुढचं प्रोप्रानोलॉल, १९६४ चं, त्याने हृदयरोगाच्या उपचाराचा चेहराच बदलला. ब्लॅकना १९८८ चं नोबेल मिळालं. पण बीटा रिसेप्टर हृदयात आहेत तसे श्वासनलिकांतही आहेत. तिथे ते नळ्या मोकळ्या ठेवायचं काम करतात, दम्याचा पंप त्यांच्यावरच चालतो. म्हणून प्रोप्रानोलॉल दमेकऱ्याला दिलं तर श्वास कोंडतो. औषध चुकीचं नाही, रेणूही तोच. फक्त 'आणखी कुठे' याचं उत्तर माहीत असायला हवं.

दुसरं उदाहरण जास्त कडू आहे. फेनफ्लुरामीन नावाचं भूक मारणारं औषध होतं. पेशी एकमेकींना निरोप द्यायला सेरोटोनिन नावाचं रसायन वापरतात, त्याच्या रिसेप्टरांचे चौदा-एक प्रकार आहेत. मेंदूतल्या एका प्रकारामुळे भूक मरायची. पण हे औषध आणि शरीरात त्याचं जे रूपांतर होतं ते, '२बी' नावाच्या दुसऱ्या भावंडालाही चालू करत होतं आणि ते असतं हृदयाच्या झडपांवर. झडपा जाड होऊ लागल्या. १९९७ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत औषध मागे घेतलं गेलं आणि कारण '२बी' आहे हे २००० मध्ये स्पष्ट झालं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. त्याला मी पुस्तकी उत्तर देणार नाही.

२००३ सालची गोष्ट. एका छोट्या कंपनीच्या मंडळावर मी होते. पोटाची मंदावलेली हालचाल सुधारण्यासाठी त्यांनी एक रेणू घडवला होता, सेरोटोनिनच्याच एका रिसेप्टरवर चालणारा. गठ्ठ्यात एक तक्ता होता. रेणू कुठकुठल्या रिसेप्टरला किती घट्ट चिकटतो, त्याच्या साठेक ओळी. या तक्त्यात आकडा जितका लहान, तितकी पकड घट्ट. दुसऱ्या पानावर खालून चौथी ओळ '२बी' ची होती आणि तिथला आकडा लहान होता. फार लहान नाही, पण असायला नको इतका. घरी जेवणाच्या टेबलावर वाचताना मी त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल केला आणि बाजूला प्रश्नचिन्ह काढलं.

बैठकीत अध्यक्ष अतिशय मोठे गृहस्थ होते, ज्यांचे निबंध वाचून मी शिकले असे. त्या पानावर आलो तेव्हा त्यांनी "इथे काही विशेष नाही" म्हणून पान उलटलं. खोलीत आठ माणसं होती. मला वाटलं, यांनी पाहिलंच असेल, विचार केलाच असेल. आपणच काहीतरी चुकत असू. माझं पान माझ्यासमोर उघडं होतं, पेन्सिलीचा गोल दिसत होता आणि मी गप्प बसले.

चौदा महिन्यांनी उंदरांच्या दीर्घ चाचणीत झडपा जाड झालेल्या आढळल्या. माणसापर्यंत ते औषध गेलं नाही, एवढं समाधान आहे. पण प्रकल्प बंद झाला, पैसा संपला होता आणि सात तरुण रसायनशास्त्रज्ञांना घरी जावं लागलं. त्यातल्या एकीने मला फोन करून विचारलं, "मॅडम, आम्हाला हे आधी कळू शकलं असतं का?" मी तिला खरं सांगितलं. ती काही बोलली नाही.

मला गप्प बसवलं ते मानधनाने नाही, हे मी मनाशी पुन्हापुन्हा तपासलं आहे. मला गप्प बसवलं एका मोठ्या नावाच्या दबदब्याने. म्हणून पाच फोटो बघून मी आता हुरळत नाही. फोटो मोठे असणं कधीकधी अडचणीचंही असतं. पैशाचं म्हणाल, तर शिकलेल्या माणसाने आपल्या वेळेचे पैसे घेण्यात मला गैर वाटत नाही. घेतले हे जाहीर असावं. मात्र ज्याच्याकडे कंपनीचे भरपूर शेअर आहेत त्याच्या 'चालू द्या' ला मी अर्धीच किंमत देते आणि त्याच्या 'थांबा' ला दुप्पट.

नातवाला एवढंच विचारा. सल्लागारांनी शेवटचं कधी कुठलं काम थांबवलं? त्यांच्या हरकती इतिवृत्तात लिहिल्या जातात का? आणि प्रयोग करणाऱ्या मुलांना त्या बैठकीत बसू देतात का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं तर मला काळजी वाटेल. तक्त्यातला आकडा ज्या मुलीने मोजलेला असतो तिला तो कुठल्याही प्राध्यापकापेक्षा जास्त ठाऊक असतो. २००३ नंतर मी माझ्या सगळ्या शंका बैठकीच्या आठवडाभर आधी लेखी पाठवायला लागले. समोर माणसं बसली की धीर जातो. कागदाचा जात नाही.

बाबा शिमग्याला मुंबईहून गावी आले आणि अटेनोलॉलच्या गोळ्या तिकडेच राहिल्या. "चार दिवसांनी काय होतंय" म्हणाले. तिसऱ्या दिवशी पालखी नाचवताना छाती धडधडली, घाम फुटला. गोळ्या न घेतल्याने होणारं दुखणं गोळ्या सुरू करण्यापूर्वीपेक्षा जास्त कसं? — वाचक, गुहागर तालुका

कारण पेशी गप्प बसत नाही. अटेनोलॉल ही प्रोप्रानोलॉलसारखीच बीटा रिसेप्टर अडवणारी गोळी. बीटा रिसेप्टर महिनोन्महिने अडवून ठेवले की पेशी आणखी रिसेप्टर तयार करून पृष्ठभागावर आणते. गोळी अचानक थांबली की हे सगळे वाढीव रिसेप्टर एकदम उघडे पडतात आणि नेहमीचंच ॲड्रेनलीन त्यांना जास्त जोरात हाकतं. त्यात पालखी नाचवणं म्हणजे ॲड्रेनलीनचा पूर. ही गोळी कधीही एकदम थांबवायची नाही. बंद करायची तरी डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. बाबांना एकदा हृदयाच्या डॉक्टरकडे नेऊन आणा आणि आठ दिवसांच्या गोळ्यांची एक पट्टी गावच्या घरीही असू द्या.

याच्या उलट प्रकार नाक मोकळं करणाऱ्या थेंबांचा. सतत उत्तेजन मिळालं की रिसेप्टर थकतात, पेशीच्या आत ओढले जातात. मग थेंब टाकूनही नाक चोंदतं आणि माणूस आणखी थेंब टाकतो. पाच-सहा दिवसांच्या वर ते वापरू नयेत.

माझे चुलते १९७४ साली भात झोडताना विंचू चावून गेले. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. गेल्या वर्षी शेजारच्या मुलाला लाल विंचू चावला, डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली आणि तो वाचला. विंचवाच्या विषावर रक्तदाबाची गोळी कशी? — शेतकरी, महाड तालुका

तुमच्या पत्राने मी हलले. चुलत्यांच्या वेळी हे ज्ञान नव्हतं आणि ते पुढे जगाला मिळालं तुमच्याच तालुक्यातून.

लाल विंचवाचं विष नसांमधल्या सोडियमच्या वाटा उघड्याच ठेवतं. नसा थांबायचं विसरतात. ॲड्रेनलीन आणि त्याच्या भावंडाचं वादळ उठतं. हे सगळं जाऊन रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या अल्फा रिसेप्टरांवर आदळतं. वाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, दरदरून घाम येतो, ओकाऱ्या होतात, हृदयावर इतका भार येतो की ते पंप करू शकत नाही. फुप्फुसात पाणी भरतं आणि तोंडाला फेस येतो. चुलत्यांचं शेवटी काय झालं असेल ते तुम्ही पाहिलं असणार, मी अधिक लिहीत नाही.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाड भागात सरकारी डॉक्टर म्हणून आले. विंचू चावलेली माणसं त्यांच्यासमोर अशीच जात होती. ते रुग्णाच्या उशाशी बसून राहिले, तासातासाची नोंद ठेवली आणि धोक्याची पहिली लक्षणं १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापली. हे वादळ अल्फा रिसेप्टरवर आदळतंय, तर तोच अडवू, या विचाराने त्यांनी प्राझोसिन वापरलं. ते रक्तदाबासाठी आधीच बाजारात असलेलं, स्वस्त, तोंडाने घ्यायचं औषध. विषावर उतारा नाही, पण विषाने उठवलेल्या वादळाची दारं बंद करणारं. पूर्वी गंभीर दंश झालेल्या शंभरातले तीसच्या आसपास दगावत, ते प्रमाण अगदी मोजक्यांवर आलं. डॉ. बावस्कर पतीपत्नींनी महाडमध्येच सत्तर रुग्णांवर केलेली चाचणी २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. प्राझोसिनबरोबर विंचवाची प्रतिलस, म्हणजे विष निकामी करणारं इंजेक्शनही दिलं तर रुग्ण लवकर सावरतात, असं तिच्यात दिसलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मला यात सगळ्यात मोठं वाटतं ते हे. महाडला कुठलं सल्लागार मंडळ बसलेलं नव्हतं. तक्ते नव्हते, फोटो नव्हते. एक डॉक्टर होता, समोर रुग्ण होता आणि प्रश्न तोच होता, हे नेमकं कुठल्या रिसेप्टरवर चाललंय? सल्लागारांच्या बैठकीत रुग्ण बघणारा एक तरी डॉक्टर असावा असा हट्ट मी धरत आले, तो यासाठीच.

एक विनंती. ही गोळी घरात ठेवून स्वतः देऊ नका. पहिल्या मात्रेनंतर उभं राहिलं की रक्तदाब एकदम कोसळू शकतो, रुग्णाला आडवं ठेवून लक्ष ठेवावं लागतं. मंत्र, चिरा, बिबा यात एक मिनिटही न घालवता रुग्णाला दवाखान्यात न्या. पेंढा उचलताना आणि जांभ्याचे चिरे हलवताना हात घालण्याआधी काठी घाला.

आपल्याकडे या विषयात मूलभूत काम झालंय का? मला यात उतरायचंय, काय शिकू? — बी.फार्म.चा विद्यार्थी, रत्नागिरी

झालंय, आणि फार दूर नाही. मुलुंडला हेक्स्ट या औषध कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात माईनमुळा या वनस्पतीच्या मुळांतून फोर्स्कोलिन वेगळं केलं गेलं. हीच मुळं गुजराती लोक 'गरमर' म्हणून लोणच्यात घालतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतही त्याच काळात हेच द्रव्य स्वतंत्रपणे मिळालं. रिसेप्टरने दिलेला निरोप पेशीच्या आत नेणारं एक एन्झाइम असतं. फोर्स्कोलिन रिसेप्टरला बाजूला ठेवून थेट त्या एन्झाइमलाच चालू करतं. त्यामुळे बिघाड रिसेप्टरमध्ये आहे की पुढच्या साखळीत, हे ओळखता येऊ लागलं. आज जगातल्या कुठल्याही रिसेप्टरच्या प्रयोगशाळेचा फ्रीज उघड, ती बाटली सापडेल. मी स्वतः ती वर्षानुवर्षं वापरली आणि दर वेळी मला मुलुंडचा अभिमान वाटला.

सध्या कानपूरच्या आयआयटीत अरुण शुक्ला यांची प्रयोगशाळा याच सात टाक्यांच्या रिसेप्टरांवर जागतिक दर्जाचं काम करते. लेफ्कोविट्झ यांच्याकडे काम करून ते भारतात परतले. तू जीपॅट ही पुढच्या शिक्षणाची प्रवेशपरीक्षा दे, नायपर या राष्ट्रीय औषधशिक्षण संस्थेत फार्माकॉलॉजी घे आणि संख्याशास्त्र टाळू नकोस. सल्लागार होण्याची घाई नको. आधी दहा वर्षं स्वतःच्या हाताने प्रयोग बिघडव.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. आमच्याकडच्या एका रुग्णालयात औषधांच्या चाचण्यांसाठी नीतिसमिती आहे, तिच्यावर 'सामान्य व्यक्ती' म्हणून मला बोलावलंय. सगळे डॉक्टर, मला रिसेप्टर-बिसेप्टर काही कळत नाही. नाही म्हणू का? — शिक्षिका, चिपळूण

बाई, अजिबात नाही म्हणू नका.

२०१९ च्या नव्या औषधांच्या नियमांनुसार अशा समितीत किमान सात जण लागतात आणि त्यात एक तरी सामान्य माणूस, एक तरी स्त्री हवी. निम्मे सदस्य त्या संस्थेच्या बाहेरचे हवेत. तुमची खुर्ची शोभेची नाही, ती कायद्याने राखलेली आहे. कंपनीचे सल्लागार कंपनीसाठी बसतात. तुम्ही बसणार आहात ज्याच्या दंडात सुई जाणार आहे त्याच्यासाठी.

विज्ञान कळत नाही म्हणता, तर ही घटना ऐका. १३ मार्च २००६, लंडनचं नॉर्थविक पार्क रुग्णालय. टीजीएन १४१२ नावाचं औषध माणसाला पहिल्यांदाच दिलं जाणार होतं. प्रतिकारशक्तीच्या पेशींवरचा सीडी२८ हा रिसेप्टर जोरात चालू करणारी ही प्रतिपिंडं. माकडांना ती सोसली होती. त्यांना सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाएवढीच मात्रा तरुणांना दिली. हिशेब चोख वाटत होता. पण माकडाच्या काही पेशींवर तो रिसेप्टर नसतो, माणसाच्या असतो. आणि ती 'छोटी' मात्राही माणसाचे बहुतेक रिसेप्टर एका दमात व्यापण्याइतकी होती. दीड तासात सहाही जण तडफडू लागले, अवयव निकामी होऊ लागले. सगळे वाचले, पण एकाला पायाची बोटं आणि हाताच्या बोटांची टोकं गमवावी लागली.

आता यातलं शास्त्र बाजूला ठेवा. त्या सहा जणांना ते औषध सुमारे दहा-दहा मिनिटांच्या अंतराने, एकामागून एक दिलं होतं. पहिल्याला त्रास दिसायच्या आत सहाव्याच्या नसेत औषध गेलेलं. "पहिल्याला देऊन एक दिवस थांबलं तर?" हा प्रश्न विचारायला रिसेप्टर कळावा लागत नाही. चौथीच्या वर्गाला नवा खेळ शिकवताना आधी एकाला पुढे बोलावून बघणाऱ्या बाईला तो सहज सुचला असता. त्या घटनेनंतर असं थांबणं सगळीकडे नेमाचं झालं.

तेव्हा चाचणीत किती जण, कधी कधी, मध्ये किती थांबणार, रात्री काही झालं तर कोणाला फोन करायचा आणि तो फोन उचलला जाईल का, नुकसानभरपाई कोण देणार, हे तुम्ही विचारायचं. आणि संमतीपत्राचा मराठी मसुदा तुमच्या हाती येईल. मी असे बरेच वाचले आहेत. इंग्रजीवरून ओढून आणलेली वाक्यं, 'ग्राही-प्रतिबंधक' असले शब्द आणि खाली अंगठ्याची जागा. तो मसुदा बैठकीच्या आदल्या दिवशी घरात मोठ्याने वाचा, शक्यतो कामाला येणाऱ्या मावशी समोर असताना. जिथे तुम्ही अडखळाल किंवा त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटणार नाही, तिथे पेन्सिलीने गोल करा.

आणि दुसऱ्या दिवशी ते पान टेबलाच्या मधोमध ठेवा. अध्यक्षांनी उलटलं तर परत उघडा.